बोर्डाचा पेपर क्लासच्या भरवशावर सोडू नकोस

प्रिय,

"बारावी बोर्डात नुसतं पास व्हायचं, खरी परीक्षा सीईटी", म्हणजे इंजिनीअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा, असं तुला क्लासमध्ये सांगतात म्हणे. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत हेच ऐकू येतं. बॅनर पर्सेंटाइलचे लागतात ना! पण नुसतं पास म्हणजे 35 टक्के. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून, खुल्या प्रवर्गाला 45 लागतात, राखीवला 40. आयआयटी-एनआयटीचं मनात असेल तर बारावीला साधारण 75 टक्क्यांची अट आहे.

दोन्ही पेपरांचा स्वभावच वेगळा. सीईटीत पीसीएमचे 150 प्रश्न, 200 गुण; गणिताच्या प्रश्नाला दोन, बाकीच्यांना एकेक. चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. तिथे फक्त पर्याय निवडायचा, उत्तर कसं काढलंस हे कुणी बघत नाही. बोर्ड नेमकं तेवढंच बघतं. फिजिक्सच्या 70 गुणांच्या लेखी पेपरात सूत्र, त्यात घातलेल्या किमती, आकडेमोड, एकक यांचे गुण पायरीपायरीने मिळतात. उत्तरपत्रिका तपासताना कितीतरी हुशार मुलांची गणितं मी अशी पाहिली आहेत: दोन ओळी, बरोबर आकडा, एकक गायब. पर्याय निवडायची सवय हाताला लागलेली. तपासणाऱ्याला कितीही वाटलं तरी पूर्ण गुण देता येत नाहीत. निकालानंतर छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकनही होतं, पण न लिहिलेल्या पायरीला वाशीचं विभागीय मंडळ तरी गुण कुठून देणार?

तेव्हा रोज एक डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता, पुस्तक मिटून, आकृतीसकट लिहून काढ. पुस्तक बालभारतीचंच घे. सीईटीचा अभ्यासक्रमही राज्य मंडळाचाच आहे, त्यामुळे ही मेहनत दोन्हीकडे कामी येते. क्लासच्या नोट्सचं बाड त्यानंतर.

उरलेले 30 गुण प्रॅक्टिकलचे. इंटिग्रेटेडच्या, म्हणजे क्लास-कॉलेज एकत्रच्या, नावाखाली कॉलेजचं तोंडही न पाहणारी मुलं मैत्रिणीचं जर्नल उतरवून काढतात आणि तोंडी परीक्षेत व्हर्नियर या मोजमापाच्या साधनाचं लघुत्तम माप विचारलं की गप्प होतात. तू लॅब चुकवू नकोस. क्लासची वेळ आड येत असेल तर बॅच बदलून माग, फी भरली आहेस.

आणि अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नकोस. सीईटीचे सुमारे 20 टक्के प्रश्न त्यातलेच असतात.

तुझी,
मावशी