दिवाळीनंतर चार दिवस नाशिक, सोबत आई आणि बारा वर्षांची मुलगी: डोंगरांत काय बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की पंचवटी आणि त्र्यंबक मागच्या खेपेला झालंय, या वेळी देवळं नकोत, आईंचं वय ७४ आहे, गुडघे दुखतात, मुलीला मात्र किल्ला चढायचाच आहे. मी जुन्या नाशकात वाढलो, अजूनही सुटीच्या दिवशी पहाटे उठून कुठल्यातरी डोंगरावर जातो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक विनंती. चार दिवसांत दहा ठिकाणं कोंबू नका. पाहुणे सकाळी रामकुंड, दुपारी त्र्यंबक आणि संध्याकाळी शिर्डी करून पळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोज सकाळी एक डोंगर आणि संध्याकाळी गाव, एवढंच धरा.

पहिला दिवस पांडवलेण्यांना द्या, निदान तीन तास. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध भिक्षूंची आहेत, एकूण २४, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरात. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत. आई थांबत थांबत चढल्या तर उत्तम, नाहीतर त्यांना खाली सावलीत बसू द्या.

वर गेल्यावर नुसते फोटो काढून उतरू नका. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप (शक) राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० वर महिन्याला शेकडा १ व्याज, १००० वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मुलीला तिथेच हिशेब करायला सांगा: २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बारे २४०. पैशाचा मेळ अगदी चोख बसतो. लेखाची ब्राह्मी लिपी वाचता आली नाही तरी अक्षरं डोळ्यांना दिसतात. आणि लेखातल्या गोवर्धनचं नाव लावणारं गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे!

तिथून तिसऱ्या लेण्यात या. तिथला लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा. आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, निःपात केला असं ती त्यात अभिमानाने सांगते. हरलेल्याचं दान आणि जिंकणाऱ्याच्या आईचे शब्द एकाच डोंगरात, काही पावलांच्या अंतरावर. याला जोडून आणखी एक सांगतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. सगळी नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. मुलीला हे आवडलं तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे न्या. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

किल्ल्यासाठी माझं मत रामशेज. हरिहरचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्या उभ्या कातळपायऱ्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. १८१८ साली आलेल्या कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानेही त्या चढाचं वर्णन शब्दांत होत नाही असंच लिहून ठेवलंय. हाताला धरायला खोबण्या आहेत, चढताना मजा येते, पण उतरताना खालची दरी थेट डोळ्यांसमोर असते. रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर अडकतात. पहिलाच किल्ला असलेल्या मुलीला मी तिथे नेणार नाही. रामशेज शहरापासून १४-१५ किलोमीटरवर, पेठ रस्त्याने आशेवाडीला जायचं. रमतगमत तासाभरात माथा येतो. दिसायला हा लहानसा गड, पण १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा तो पाच वर्षांहून जास्त काळ लढत राहिला. वर पाण्याची टाकी आहेत, सावली जवळजवळ नाही. म्हणून सातपर्यंत पायथ्याशी पोहोचा.

आईंसाठी एक दिवस सप्तशृंगी. देवळं नकोत असं तुम्ही म्हणालात, तरी हे सुचवतो, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतक्या उंचावरून सह्याद्री दाखवणारी जागा इथे दुसरी नाही. माझी आई पूर्वी दर दहा पायऱ्यांना थांबत चढायची. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली (रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी) आहे, त्यात बसून देवीच्या पायाशी जाता येतं. नांदुरीहून वर जाणाऱ्या घाटात गाडी हळू घ्या. आजूबाजूच्या डोंगरांत मार्कंड्या दिसतो, रवळ्या-जावळ्या दिसतात, हवा स्वच्छ असेल तर धोडपही. जाताना दिंडोरी-वणीकडे द्राक्षबागा लागतील, पण दिवाळीनंतर घड कच्चे असतात. गोड द्राक्षं जानेवारीनंतर. साल्हेर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर, या खेपेला सोडून द्या. त्याला वेगळा मुक्काम हवा.

संध्याकाळी गोदाघाटावर दुतोंड्या मारुती बघा. पुराच्या वेळी आम्ही नाशिककर पाणी याच मूर्तीवरून मोजतो: कमरेला लागलं, छातीला लागलं. मग नारोशंकर मंदिराची मोठी घंटा, आणि तिथून भांडी बाजारातली तांब्या-पितळेची दुकानं. सकाळचा नाश्ता मिसळीचा करा. काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही. गंगापूर रस्त्याला मळ्यात बसून खायची ठिकाणं आहेत, आईंना खुर्ची-टेबल आणि झाडाची सावली दोन्ही मिळेल.

शेवटची सकाळ नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे शंभरेक वर्षांपूर्वी बंधारा बांधला, मागे गाळ साठत गेला, उथळ पाणथळ तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. चढ अजिबात नाही, आई आरामात फिरतील. पक्षी दाखवणारी गावातली मुलं दुर्बीण घेऊन सोबत येतात. त्यांना घ्याच, नाहीतर समोर शेकडो बदकं असून सगळी सारखीच दिसतील. उजाडता उजाडता पोहोचायला हवं, म्हणजे नाशिकहून साडेपाचला निघा. त्या वेळी पाण्यावर चांगलीच थंडी असते. आईंसाठी शाल आणि मुलीसाठी कानटोपी आठवणीने घ्या.