पन्नाशीतल्या कासाईला नागपुरातून पाठिंबा द्यायचाय, स्की जंपिंगमध्ये नेमकं काय बघू?

जपानी स्की जंपर नोरिआकी कासाईची निवड झकास आहे. विश्वचषकात तो पहिल्यांदा उतरला 1988 मध्ये, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये साप्पोरोला 51व्या वर्षी पहिल्या 30 जणांत आला. गुण फक्त 30व्या क्रमांकापर्यंतच मिळतात, त्यामुळे त्याच्यासाठी 30वा क्रमांक म्हणजेच जिंकणं धरा.

आधी वेळ. मध्य युरोपात हिवाळ्यात दुपारचे 4 म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. सामना साप्पोरोला असेल, तर तिथल्या 4 वाजता नागपुरात दुपारचे साडेबारा.

आता बघायचं काय? घसरंडीवरून ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वेगाने येऊन कडेवर उसळी मारायची असते. वय मांड्यांच्या या उसळीवरच मार करतं. म्हणून सुरुवातीला तो तरुणांपेक्षा खाली दिसला तरी धीर सोडू नका. त्याची खरी ताकद पुढच्या अर्ध्या उड्डाणात आहे: स्की रुंद व्हीमध्ये फाकवून तो अंग इतकं पुढे झोकतो, की डोकं स्कीच्या टोकांमध्ये जातं. हवेवर असं पडून राहणं वर्षांनुवर्षं घोटूनच येतं. जर्मन प्रेक्षक याच क्षणी ‘झीऽऽऽ’ म्हणून ओरडतात, म्हणजे ‘ओढ!’ तुम्हीही तेव्हाच ओरडा.

समोरून वारा आला की उचलतो, पाठीमागून आला की खाली दाबतो. त्याची भरपाई गुणांत होते, म्हणून पडद्यावर नुसते मीटर बघून निकाल ठरवू नका. मोठ्या टेकडीवर एक मीटर म्हणजे 1.8 गुण. पाच परीक्षक 20 पैकी गुण देतात, त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा वगळतात. उतरताना एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, याला टेलिमार्क म्हणतात. तो हुकला आणि उरलेल्या तिघांनी समजा प्रत्येकी 3 गुण कापले, तर 9 गेले, म्हणजे पाच मीटर अंतर पाण्यात. थकलेल्या गुडघ्यांवर हेच आधी बिघडतं.

2014चं सोची ऑलिम्पिक बघा. मोठ्या टेकडीवर कासाई 41 वर्षांचा. पहिल्या फेरीत तो आणि पोलंडचा कामिल स्टॉख दोघंही 139 मीटर, तरी स्टॉख 2.8 गुणांनी पुढे. दुसऱ्या फेरीत कासाई 133.5, स्टॉख 132.5. शेवटी सुवर्ण गेलं 1.3 गुणांनी! जामठ्याला शंभर मीटरचा सिक्सर गेला तर आपण तोंडात बोटं घालतो, आणि इथे 41 वर्षांचा माणूस स्वतः 139 मीटर जातो.

दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतला 30वा आधी उडतो आणि पहिला शेवटी. त्यामुळे कासाई मागे असला, तर मध्यंतरात चहा ठेवायला उठू नका, त्याची पाळी सुरुवातीलाच येते.