क्लिप-ऑन आरसा वळला, म्हणून सगळी चूक माझीच?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. पिकअपला ट्रॅव्हल ट्रेलर जोडून सुट्टीवर गेलो होतो. ट्रेलर रुंद असल्यामुळे गाडीच्या मूळ आरशांत त्याच्या भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून त्यांवर पट्ट्यांनी आवळायचे क्लिप-ऑन आरसे लावले होते. परत येताना फ्रीवेवर उजवीकडच्या लेनमध्ये जाताना एका कारला ट्रेलर घासला. कुणाला लागलं नाही. थांबून पाहिलं, तर उजवा क्लिप-ऑन आरसा आत वळलेला होता. हायवे पेट्रोलच्या अधिकाऱ्याने आरशाबद्दल दुरुस्तीचं तिकीट दिलं. आता समोरच्याची विमा कंपनी म्हणते की असे आरसे बेकायदा आहेत, त्यामुळे पूर्ण चूक तुमची. आणि त्यांना फोनवर माझा जबाब रेकॉर्ड करायचा आहे. माझा वेग ताशी साधारण ६० मैल होता. आरसे फेकून द्यावेत आणि त्यांचं म्हणणं मान्य करून मोकळं व्हावं, असं वाटतंय. काय करू?

उत्तर: आरसे फेकू नका. पट्टे, क्लिपा, खोका, सोबतचा सूचनांचा कागद, खरेदीची पावती, सगळं एका पिशवीत घालून बाजूला ठेवा. पट्टा सैल असेल तर तसाच राहू द्या, पुसूही नका. वाद सुरू असताना पुरावा नष्ट केला, तर तो तुमच्याविरुद्धच जाणारा असावा असा निष्कर्ष काढायची मोकळीक न्यायालयाला मिळते.

आता ‘असे आरसे बेकायदा’ या दाव्याकडे येऊ. तो चुकीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचं कलम २६७०९ सांगतं की ओढल्या जाणाऱ्या वाहनामुळे चालकाला मागचं दिसत नसेल, तर डावीकडे आणि उजवीकडे आरसे हवेत, आणि त्यांतल्या प्रत्येकातून मागचा किमान २०० फूट रस्ता दिसायला हवा. आरसा कारखान्यातून बसवून आलेला असावा, की पट्ट्याने आवळलेला चालेल, याबद्दल कलमात अवाक्षर नाही. कायदा आरशाची जात पाहत नाही, त्यातून काय दिसतं ते पाहतो. म्हणून नीट बसलेला क्लिप-ऑन आरसा पूर्ण कायदेशीर आहे. आणि आत वळलेला महागडा मूळ आरसाही कलमाचा भंगच ठरेल. आरसे बाहेर आल्यामुळे रुंदी वाढते, तीही कायद्याने धरलेली आहे: वाहनाच्या परवानगीच्या रुंदीपुढे, आवश्यक आरसे प्रत्येक बाजूला १० इंचांपर्यंत बाहेर येऊ शकतात.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो, की लेन बदलण्याच्या क्षणी उजव्या आरशात काय दिसत होतं? आरसा धडकेच्या आधीच वळलेला होता, की कार घासल्याच्या हिसक्याने वळला? तुम्ही तो थांबल्यावर पाहिलात. या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि विमा कंपनीने पहिली शक्यता परस्पर गृहीत धरली आहे. त्या दिवशीचे फोटो, डॅशकॅम असेल तर त्याचं चित्रण, शेजारी बसलेल्या माणसाला काय आठवतं, हे सगळं आजच गोळा करा. आठवण फार लवकर विरते.

समजा आरसा आधीच वळला होता. तरी सगळं संपत नाही. वाहन कायद्याचा भंग झाला आणि त्यातूनच अपघात झाला, तर पुरावा संहितेच्या कलम ६६९ नुसार निष्काळजीपणा गृहीत धरला जातो, पण हे गृहीतक खोडता येतं. कायदा पाळू इच्छिणाऱ्या समंजस माणसाने जे केलं असतं ते तुम्ही केलं होतं, हे दाखवावं लागतं. निघताना आरसे लावून कुणाला मागे उभं करून पाहिलं होतं का? पेट्रोलसाठी थांबलात तेव्हा पट्टे पुन्हा आवळले का? सूचना पाळूनही क्लिप तुटली असेल, तर आरसा बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही दावा होऊ शकतो. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची थेट जबाबदारी या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच मान्य केली आहे.

पण तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त खुपलेलं वाक्य आरशाचं नाही, वेगाचं आहे. ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात कमाल मर्यादा ताशी ५५ मैल आहे, फ्रीवेवर बाकीच्या गाड्या कितीही पळोत. आणि ५५ च्या वेगातही २०० फूट म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. शिवाय लेन बदलणं सुरक्षित आहे याची खात्री करण्याचं कर्तव्य लेन बदलणाऱ्याचं. तो भार आरशावर ढकलता येत नाही, कारण आरशात दिसत नसेल तर लेन बदलायचीच नाही. त्यामुळे तुमच्या वाट्याला काही चूक येईल, बहुधा मोठा भाग, हे मनाशी मान्य करा. पूर्ण शंभर टक्के मात्र मान्य करू नका. १९७५ च्या ‘ली विरुद्ध यलो कॅब’ निकालापासून इथे चुकीची टक्केवारीत वाटणी होते. तुम्ही सिग्नल दिला होता का? ती कार ट्रेलरच्या बाजूला किती वेळ रेंगाळत होती? तिचा वेग काय होता? ही उत्तरं मिळाल्याशिवाय आकडा ठरतच नाही.

तिकिटाचं सोपं आहे. ते मुदतीत निकाली काढा. दुसरे, भक्कम आरसे बसवा, दुरुस्ती झाल्याची अधिकाऱ्याची सही घ्या, ती न्यायालयात दाखवा आणि २५ डॉलरचं शुल्क भरा; प्रकरण रद्द होतं. याने अपघाताची कबुली दिल्यासारखं होईल ही भीती नको. वाहन संहितेचं कलम ४०८३४ स्पष्ट आहे: वाहतूक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसालासुद्धा तो निकाल नंतरच्या दिवाणी दाव्यात बांधून ठेवत नाही.

समोरच्या विमा कंपनीला रेकॉर्डेड जबाब देण्याचं तुमच्यावर कोणतंही बंधन नाही. ‘माझ्या विमा कंपनीशी बोला’ एवढं सांगून फोन ठेवा. तुमच्या स्वतःच्या कंपनीला मात्र सगळं खरं सांगा, वेगासकट. सहकार्य करणं ही पॉलिसीची अट असते, आणि दावा झाला तर बचावासाठी वकील तीच देणार आहे. बहुतेक पॉलिसींत ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान पिकअपच्या विम्यात येतं, ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येईलच असं नाही. पॉलिसी काढून तेवढं पान वाचा.

आणि एक काम आजच करा. कुणा एकाचंही नुकसान १,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर अपघातापासून १० दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, अपघाताची माहिती देणारा एसआर-१ फॉर्म भरावा लागतो, चूक कुणाचीही असो. पोलिसांचा अहवाल झाला म्हणजे हा फॉर्म भरला गेला असं होत नाही. तो न भरल्यास लायसन्स निलंबित होऊ शकतं. कारच्या दारावरचा साधा ओरखडा आणि रंगकामच हजाराच्या पुढे जातं, तेव्हा भरायचा असं धरूनच चला.