४ जीबीच्या वरची रॅम आणि ३२-बिट कर्नल

तुमचा ३२-बिट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) २ जीबीच्या मशीनवर नीट चालतो, ६ जीबीवर मात्र दर वेळी नव्याच जागी कोसळतो, आणि पेजिंगचा (मेमरी पानांत वाटून त्यांचे पत्ते जुळवण्याचा) कोड तपासून तुम्ही दमलात. पेजिंग सोडा. मेमरी मॅप, म्हणजे कुठल्या पत्त्यांवर रॅम आहे याची यादी, जिथे वाचता तो भाग बघा.

पीसीवर ४ जीबीच्या खालचे काही पत्ते पीसीआय उपकरणांना दिलेले असतात. तिथे झाकली गेली असती ती रॅम चिपसेट वर सरकवतो. म्हणून ई८२० च्या यादीत (बायोसकडून मिळणारा मेमरी मॅप) एक नोंद बरोबर ४ जीबीपासून सुरू होते: हेक्समध्ये एकावर आठ शून्यं. नोंदीतला पत्ता ६४ बिटांचा असतो. तो ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये घातला की पुढचा एकचा आकडा गळून पडतो आणि उरतं निव्वळ शून्य. म्हणजे 'शून्यापासून पुढची पानं मोकळी' असं तुम्हीच अ‍ॅलोकेटरला (मोकळी पानं वाटणाऱ्या कोडला) सांगताय, आणि तिथे तर कर्नल स्वतः बसलाय! त्याच्या पानांवरची 'राखीव' खूण आधीच लावली असेल तर तीही पुसली जाते. मी हा घोळ स्वतः घातलाय, म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय.

४ जीबीच्या वरच्या रॅमची मॅपमधून छाटणी अ‍ॅलोकेटर उभा राहण्याआधी करा, आणि सगळी तुलना ६४ बिटांत. पूर्ण ४ जीबीच्या वर असलेली नोंद टाकून द्या, सीमेवरची कापा. सुरुवात अधिक लांबी ही बेरीजसुद्धा ६४ बिटांतच हवी. नोंद नेमकी ४ जीबीला संपत असेल तर तिचा शेवटही ३२ बिटांत शून्य होतो. लिनक्सच्या ३२-बिट एआरएम कोडने यावर शेवटचं एक पान सरळ सोडून दिलंय. मला तो सौदा पटतो. एका पानासाठी कोण झगडणार?

एक गल्लत मात्र करू नका. लिनक्स ३२-बिट एक्स८६ वर साधारण ८९६ एमबीच थेट मॅप करतं. त्यापुढची रॅम लागेल तेव्हा मॅप करता येते, ती फेकायची नसते. फेकायची ती फक्त ज्या रॅमचा पत्ताच तुम्हाला लिहिता येत नाही ती. पुढे पीएई (३२-बिट एक्स८६ वर ४ जीबीच्या वरची रॅम वापरू देणारी सोय) घेतलंत तर पत्त्याचा टाइप ६४-बिट करा आणि सीमा सीपीयूआयडीला (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेला) विचारा.

आता क्यूईएमयूला (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) ६ जीबी देऊन छाटणीआधीचा आणि नंतरचा मॅप छापा. किती रॅम सोडली तेही लॉगमध्ये येऊ द्या. तरीही कोसळला तर दोन्ही मॅप इथे टाका.