पहिला सोल्सलाईक कुठला घ्यावा? माझं मत: एल्डन रिंग, आणि तोही सावकाश

तुझा प्रश्न असा की सेकिरो घेतला, साखळीने बांधलेल्या त्या ओगरपुढे (राक्षसापुढे) तीन संध्याकाळी गेल्या, काही केल्या जमेना, तर आता सोल्सलाईक प्रकारातला, म्हणजे डार्क सोल्ससारख्या मरत मरत शिकायच्या अवघड गेममधला, सोपा गेम कुठला. आधी हे सांगतो की तू कच्चा आहेस म्हणून असं झालेलं नाही, सुरुवातच अवघड ठिकाणाहून झालीय. सेकिरोमध्ये पॉइंट टाकून लेव्हल वाढवणं नाही, हातातली अवजारं सोडली तर तलवार शेवटपर्यंत तीच, मदतीला कुणाला बोलवता येत नाही, आणि हल्ल्याची ताकद सुरुवातीला वाढते ती मोठे बॉस, म्हणजे प्रमुख शत्रू, मारूनच. म्हणजे टायमिंग हाताला बसेपर्यंत तिथंच झुंजत राहायचं. मला तो गेम फार आवडतो पण पहिला म्हणून मी तो कुणालाच सुचवत नाही.

नवीन माणसासाठी गेम निवडताना मी एकच बघतो, अडकल्यावर दुसरीकडे जायला वाट आहे का. म्हणून माझं उत्तर एल्डन रिंग. 2022 चा आहे, त्यात डिफिकल्टी बदलायचं सेटिंग नाही आणि बॉस काही सोपे नाहीत, तरीही.

माझंच सांगतो. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातून सरळ स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे गेलो आणि दारातच मार्गिट नावाचा बॉस. तो काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो, आपण घाबरून लगेच रोल मारतो (वार चुकवायला लोळण घेतो), आणि रोल संपून उभं राहतोय तोवर काठी डोक्यात. हे किती वेळा झालं असेल मोजलं नाही. शेवटी त्याला सोडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात गेलो, तिकडची चर्च फिरलो, तिथं मिळणाऱ्या सेक्रेड टिअरने फ्लास्क, म्हणजे हेल्थ भरायची बाटली, जास्त हेल्थ भरायला लागला, खाणीतून दगड आणून तलवार +3 केली, आणि या सगळ्या फिरण्यात लेव्हल आपोआप वाढल्या. परत आलो तर तोच मार्गिट, पण आता दोन फटके खाऊनही मी उभा होतो, आणि उभं राहायला मिळालं की मगच नीट बघता येतं. तेव्हा कळलं की काठी वर जाताना रोल मारायचाच नाही, हात खाली यायला लागला की मारायचा, आणि मागे पळण्यापेक्षा त्याच्या अंगाकडे. ही नजर एकदा आली की या प्रकारातल्या कुठल्याही गेममध्ये पुढे उपयोगी पडते, सेकिरोमध्येसुद्धा.

सुरुवातीच्या काही गोष्टी ज्या गेम धड सांगत नाही. बाहेर पडल्यापडल्या सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नको, त्याला टाळता येतं हे शिकवायलाच तो तिथं ठेवलाय असं मला वाटतं. टॉरेंट घोडा मिळाला की चर्च ऑफ एलेहला रात्री परत ये, तिथं रेना नावाची बाई बसलेली असते, ती घंटा देते आणि तीन लांडग्यांची अ‍ॅश देते, म्हणजे घंटा वाजवून लढाईत मदतीला लांडगे बोलवता येतात. हे चुकवू नकोस. बॉस लांडग्यांच्या मागे लागला की तुला श्वास घ्यायला वेळ मिळतो. लांडगे वापरणं म्हणजे चीटिंग असं कुणी म्हटलं तर लक्ष देऊ नकोस, गेमनेच दिलेली गोष्ट आहे. मार्गिटच्या दाराबाहेर रॉजियर या गेममधल्याच पात्राची सोनेरी खूणही जमिनीवर असते, त्यालाही मदतीला बोलव. पॉइंट आधी व्हिगरमध्ये, म्हणजे हेल्थ वाढवणाऱ्या गुणात, टाक, किमान 20 होईपर्यंत बाकीचा मोह टाळ. आणि अंगावरचं वजन 70 टक्क्यांच्या खाली ठेव, त्याच्या वर गेलं की रोल जड होतो आणि तू उगाच स्वतःला दोष देत बसशील.

काहीजण तुला सांगतील क्रमाने खेळ, 2011 च्या डार्क सोल्सपासून. त्या गेमचा नकाशा ज्या पद्धतीने एकमेकांत गुंफलाय त्याला तोड नाही, पण बोनफायरवरून बोनफायरवर (विसाव्याच्या शेकोट्यांवर) उडी मारायची सोय साधारण अर्धा गेम झाल्यावर मिळते, आणि मेल्यावर बॉसपर्यंत परत पळत जाण्यातच नवीन माणसाचा उत्साह संपतो. एल्डन रिंगमध्ये बऱ्याच मोठ्या बॉसजवळ मारिकाचा खांब असतो, तिथूनच परत उठता येतं. डार्क सोल्स त्यानंतर दुसरा म्हणून खेळ, जास्त रुचेल.

एवढा मोठा गेम झेपणार नाही, वेळच नाही, असं असेल तर स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर बघ. ढाचा हाच, पण डिफिकल्टी कधीही बदलता येते आणि कमी केली की पॅरीला, म्हणजे वार नेमक्या वेळी परतवायला, जास्त वेळ मिळतो. लाइज ऑफ पीमध्येही 2025 पासून सोपे पर्याय आलेत. अनदर क्रॅब्ज ट्रेझर दिसायला लहान मुलांचा वाटतो, पण लढाई खरी आहे, आणि अगदीच नाही जमलं तर सेटिंगमध्ये खेकड्याच्या हातात चक्क बंदूक देता येते.

एल्डन रिंगमध्ये सुरुवातीला कुठला क्लास (पात्राचा प्रकार) घ्यावा असंही विचारलंयस, तर व्हॅगाबाँड घे. सुरुवातीचा व्हिगर सगळ्यांत जास्त 15, आणि त्याची ढाल साधा शारीरिक वार पूर्ण अडवते, म्हणजे रोलचं टायमिंग बसेपर्यंत ढालीमागून बघत बघत शिकता येतं. सामुराईचं धनुष्यही छान आहे, पण तुझा त्रास टायमिंगचा आहे, त्याला ढालच बरी.