आभासी नेटवर्क डिव्हाइस चालू असताना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बदलायचा असल्यास ड्रायव्हरने ते बंद करावे का, आणि मर्यादेपेक्षा मोठा आकडा मागितल्यास तो मुकाट्याने स्वीकारावा का?

एक पॅकेट एकाच ठरावीक मापाच्या बफरमध्ये मावावे लागत असेल, तर एमटीयू वाढवताना रिंग (बफरांची रांग) थांबवून रिसीव्ह बफर नव्याने भरावेच लागतात. व्हर्टिओ-नेट या आभासी नेटवर्क कार्डाच्या मर्जेबल (एकत्र जोडता येणाऱ्या) बफरप्रमाणे पॅकेट अनेक बफरांत पसरू शकत असेल, तर बहुधा ही यातायात लागत नाही. उत्तर लिहायला बसलो तो मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

एका कंपनीत आम्ही व्हीएक्सलॅनच्या धर्तीवर टनेल ड्रायव्हर, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्याच्या पोटात घालून पाठवणारा ड्रायव्हर, लिहीत होतो. खालच्या कार्डाचा एमटीयू 1500 होता. बाहेरचा आयपी हेडर 20, यूडीपी 8, टनेलचा 8 आणि आतला इथरनेट 14, असे 50 बाइट वजा जाता आतल्या पॅकेटसाठी 1450 उरत होते. कोणी 1500 मागितल्यास सरळ -ईइनव्हॅल (अवैध मूल्याची त्रुटी) परत करावे, असे माझे म्हणणे होते. टीम लीडचे म्हणणे असे की, त्रुटी दिल्यास ग्राहकांच्या स्क्रिप्ट बंद पडतील, म्हणून 1500 स्वीकारावे आणि न मावणारी पॅकेट टाकून द्यावीत. शेवटी त्यांचेच चालले. त्यानंतर लहान पॅकेटचे पिंग व्यवस्थित जात असे, एसएसएचची (दूरच्या यंत्रावरील सुरक्षित लॉगिनची) जोडणीही होत असे, आणि मोठी पॅकेट लागणाऱ्या की-एक्स्चेंजपाशी सगळे ठप्प होत असे. फायरवॉल सांभाळणाऱ्यांना विनाकारण धारेवर धरण्यात आले. डिव्हाइसनेच 1500 सांगितल्यामुळे आयपी थराच्या लेखी प्रत्येक पॅकेट मावत होते. मग पॅकेट मावत नाही हे कळवणारा ‘फ्रॅगमेंटेशन नीडेड’ हा आयसीएमपी संदेश पाठवणार कोण? आरएफसी 1191 या मानकातला पाथ एमटीयूचा (संपूर्ण मार्गावर मावणाऱ्या आकाराचा) शोध त्या संदेशावरच अवलंबून आहे. ड्रॉपचा काउंटरही वाढवलेला नव्हता, हे तर अक्षम्यच.

लिनक्सची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. आवृत्ती 4.10 पासून मिन_एमटीयू आणि मॅक्स_एमटीयू (किमान व कमाल मर्यादा) भरून ठेवले की त्याबाहेरची मागणी कर्नल ड्रायव्हरपर्यंत पोहोचूच देत नाही, आणि व्हीएक्सलॅनचा ड्रायव्हर खालच्या डिव्हाइसचा एमटीयू पाहून न झेपणारा आकडा नाकारतो. अशा नकाराने जी स्क्रिप्ट बंद पडते, ती आधीपासूनच चुकीची असते.

टनेल तयार होतानाच आकडा कमी करून घेणे मात्र चालते; लिनक्सचे आयपी टनेलही तसे करतात, पण तेव्हा डिव्हाइसवर कमी केलेला आकडाच दिसतो. ट्रान्समिटमध्ये लांबी तपासणार असाल तर जीएसओ पॅकेट (नंतर तुकडे केली जाणारी मोठी पॅकेट) वगळावीत, कारण ती एमटीयूपेक्षा मोठी असणे अपेक्षितच आहे. तसेच किमान मर्यादा ठरवताना, एमटीयू 1280 च्या खाली गेल्यास त्या डिव्हाइसवर आयपीव्ही6 बंद होते, हे लक्षात घ्यावे.