‘मी’ एकटा, मग ‘फ्रेंड्स’ अनेक का?

प्रश्न असा आहे: ‘आय ॲम फ्रेंड्स विथ हिम’ हे वाक्य बरोबर आहे का? कर्ता एकवचनी, क्रियापद एकवचनी, मग ‘फ्रेंड्स’ हे अनेकवचन मध्येच कुठून आलं? ‘आय ॲम अ फ्रेंड विथ हिम’ म्हणायला नको का? आणि आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘आय मेड फ्रेंडशिप विथ हिम’ चालतं का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. ‘फ्रेंड्स विथ’ बरोबर आणि ‘अ फ्रेंड विथ हिम’ चूक. हा आजकालच्या बोलीचा सैलपणाही नव्हे. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात राजपुत्र हॅल बापाशी समेट करून येतो आणि फॉल्स्टाफला सांगतो, ‘आय ॲम गुड फ्रेंड्स विथ माय फादर’. हे नाटक १५९८ साली छापलं गेलं. म्हणजे ही रचना निदान चारशे वर्षं तरी चालत आलेली आहे.

आता कारण. या वाक्यात कर्ता किती आहेत हे मोजलेलं नाही, नात्यात किती माणसं आहेत हे मोजलं आहे. मैत्रीला दोघं लागतात, म्हणून ‘फ्रेंड्स’. वाक्याची सुरुवात एकट्या ‘मी’ने झाली आणि दुसरा माणूस ‘विथ’च्या मागून आला, तरी नात्यातला त्याचा वाटा इंग्रजीने त्या एका ‘स’मध्ये राखून ठेवला आहे. मराठीत आपण हे वेगळ्या वाटेने साधतो. ‘मी त्याच्याशी मित्र आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘माझी त्याच्याशी मैत्री आहे’ किंवा ‘आमची गट्टी आहे’ म्हणतो. नात्यालाच नाम करायचं, ते एकवचनात ठेवायचं आणि माणसांना ‘माझी’, ‘आमची’, ‘त्याच्याशी’ यांत बसवायचं ही मराठीची रीत. इंग्रजी वाक्य ऐकताना आपला कान हीच मांडणी शोधत असतो, म्हणून ते अनेकवचन खटकतं.

याच नामाची आणखी दोन रूपं शेजारी ठेवली की फरक जास्त उघड होतो. ‘आय ॲम अ फ्रेंड ऑफ हिज’ म्हणजे मी त्याच्या मित्रांपैकी एक. ‘ही वॉज अ फ्रेंड टु मी’ म्हणजे अडीअडचणीला तो माझ्या पाठीशी उभा राहिला. मी त्याच्यासाठी काय केलं याबद्दल वाक्य काहीच बोलत नाही. इथे ओघ एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, आणि म्हणून ‘फ्रेंड’ एकवचनात राहतो. दोन्ही बाजूंनी ओघ असला की मग ‘फ्रेंड्स विथ’. फेसबुकवर मैत्रीची विनंती दुसऱ्याने स्वीकारावी लागते, तेव्हाच दोघं ‘फ्रेंड्स’ होतात. तोडायला मात्र एकटा पुरतो, आणि त्यासाठी रुळलेलं ‘अनफ्रेंड’ हे क्रियापद बरोब्बर एकतर्फी आहे: ‘शी अनफ्रेंडेड मी’. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००९ साली तो वर्षाचा शब्द ठरवला होता.

हे अनेकवचन फक्त मैत्रीपुरतं नाही, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. इंग्रजीत दोन माणसांमधल्या देवघेवीचे कितीतरी वाक्प्रचार अनेकवचनी नामावर उभे आहेत. ‘शेक हँड्स’ घ्या. मी माझा एकच हात पुढे करतो, तरी ‘आय शुक हँड्स विथ हिम’, कारण हात दोन आहेत, एक माझा आणि एक त्याचा. तेच ‘ही शुक माय हँड’ म्हटलं की हात एक होतो आणि क्रिया करणाराही एकच उरतो. माझा हात नुसता हलवला गेला. मराठीने हा वाक्प्रचार उचलला तेव्हा वाटेत ‘स’ गळाला आणि ‘शेकहँड’ हे आपलं एकवचनी नाम झालं. ‘त्याने माझ्याशी शेकहँड केला’ हे मराठीत खुशाल म्हणावं, तो आता आपला शब्द आहे. इंग्रजी बोलताना मात्र तो ‘स’ परत जोडून घ्यायला हवा, नाहीतर ‘ही शुक हँड विथ मी’ हे खास आपल्याकडचं वाक्य तयार होतं.

‘चेंज सीट्स विथ’, ‘टेक टर्न्स’, ‘एक्स्चेंज ग्लान्सेस’, ‘लॉक हॉर्न्स’, ‘क्रॉस स्वोर्ड्स’ ही सगळी याच घरातली. माणसांचा संबंध नसतानाही कधी कधी इंग्रजी हाच हिशोब लावते. अंधेरीहून ठाण्याला निघालेल्या माणसाला ‘चेंज ट्रेन्स ॲट दादर’ असं सांगतात. तो एका वेळी एकाच गाडीत बसणार असतो, पण पश्चिमेची एक सोडायची, पूल चढून मध्यची दुसरी पकडायची, म्हणून ‘ट्रेन्स’. मराठीत आपण नुसतं ‘दादरला गाडी बदल’ म्हणतो.

या ‘स’ने अर्थ किती फिरतो ते ‘वर्ड’मध्ये दिसतं. ‘आय हॅड अ वर्ड विथ द मॅनेजर’ म्हणजे साहेबांना बाजूला घेऊन दोन मिनिटं बोललो. ‘आय हॅड वर्ड्स विथ द मॅनेजर’ म्हणजे साहेबांशी वाजलं, खटका उडाला. एकाने बोलावं आणि दुसऱ्याने ऐकावं एवढं असलं तर ‘अ वर्ड’. दोन्हीकडून शब्द सुटायला लागले की ‘वर्ड्स’. मराठीत ‘शब्दाने शब्द वाढला’ म्हणतो ना, तेच. पण मराठीत ‘दोन शब्द बोलणं’ हे अगदी निरुपद्रवी आहे, समारंभात पाहुण्यांना आपण दोन शब्दच बोलायला सांगतो. त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये ‘वी हॅड वर्ड्स विथ द क्लायंट’ असं निष्पापपणे लिहिलं जातं आणि वाचणारा दचकतो. तिथे ‘वी हॅड अ वर्ड’ किंवा सरळ ‘वी स्पोक टु द क्लायंट’ लिहावं.

मराठी असा परस्परभाव दाखवायला अनेकवचन वापरत नाही, शब्दच दुहेरी करते: बाचाबाची, मारामारी, ढकलाढकली, झोंबाझोंबी. एकाने मारलं तर मार, दोघांनी एकमेकांना मारलं तर मारामारी. पोलिसांच्या जबाबात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. (प्रत्येक जोडशब्द असा नसतो, पळापळ एकमेकांची होत नाही.) माझ्या मते इंग्रजीच्या ‘स’पेक्षा ही सोय जास्त बोलकी आहे, कारण ती ऐकताक्षणी कळते.

मग कुठल्याही नात्याच्या नामाला ‘स’ लावून ‘विथ’ जोडता येतं का? नाही. ते नातं दोन्हीकडून सारखं असावं लागतं. मी तुझा मित्र तर तू माझा मित्र, म्हणून ‘फ्रेंड्स विथ’. तसंच ‘पार्टनर्स विथ’, ‘रूममेट्स विथ’. ‘आय ॲम टीचर्स विथ हिम’ होणार नाही, कारण गुरूच्या समोर शिष्य असतो. ‘ब्रदर्स विथ’ही प्रमाण इंग्रजीत चालत नाही, आणि तेही समजण्यासारखं आहे: मी ज्याचा भाऊ, ते समोरचं माणूस माझी बहीणही असू शकतं.

आता ‘विथ’कडे वळू, कारण गोंधळाचं दुसरं मूळ तिथे आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ ‘सोबत’ नव्हताच, तो होता ‘विरुद्ध’, ‘समोर’. ‘सोबत’साठी वेगळा ‘मिड’ हा शब्द होता, जर्मनमधल्या ‘मिट’चा भाऊबंद. पुढे ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली. ‘विदस्टँड’ या क्रियापदात जुना विरोधाचा अर्थ आजही शिल्लक आहे, आणि ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण, बाळंतिणीसोबत असणारी बाई, या शब्दात जुना ‘मिड’. त्यामुळे ‘फाइट विथ’ला दोन तोंडं आहेत. ‘द मराठाज फॉट विथ द ब्रिटिश’ हे वाक्य १७९०-९१च्या धारवाडच्या वेढ्याबद्दल असेल तर अर्थ होतो इंग्रजांच्या बाजूने, कारण टिपूविरुद्धच्या त्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर कंपनीची तुकडी होती. तेच वाक्य १८०३च्या असईच्या लढाईबद्दल असेल तर अर्थ इंग्रजांविरुद्ध. संदर्भ काढून घेतला तर ठरवता येत नाही.

मराठीत हा पेच पडत नाही. ‘इंग्रजांशी लढले’ म्हणजे समोरासमोर. ‘इंग्रजांबरोबर लढले’ म्हणजे खांद्याला खांदा लावून. ‘शी’ समोरच्या माणसाला लागतो आणि ‘बरोबर’, ‘सोबत’ बाजूच्या माणसाला. बोलणं, भांडणं, लग्न, मैत्री, व्यवहार या सगळ्यांत माणूस समोर असतो, म्हणून सगळीकडे ‘शी’. अलीकडे ‘मी त्याच्यासोबत बोललो’, ‘तिचं लग्न अमक्यासोबत झालं’ असं बातम्यांतही वाचायला मिळतं. हिंदीतला ‘के साथ’ आणि इंग्रजीतला ‘विथ’ या दोघांच्या दाबाने ‘शी’ मागे पडतो आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. इंग्रजीने शेकडो वर्षांपूर्वी जो भेद गमावला तो आपल्याकडे एका अक्षरात शाबूत आहे. तो आपण वापरावा.

उलट दिशेने, हाच ‘शी’ इंग्रजीत नेला की चूक होते. ‘तिच्याशी लग्न केलं’ याचं ‘ही मॅरीड विथ हर’ होत नाही, ‘ही मॅरीड हर’ एवढंच. झालेलं लग्न सांगायचं तर ‘मॅरीड टु’. ‘डिस्कस विथ हिम’ मात्र बरोबर, फक्त विषयाच्या आधी ‘अबाउट’ नको. आणि ‘ईच अदर’ दोघांना, ‘वन अनदर’ दोघांपेक्षा जास्त असतील तर, हा शाळेत घोकलेला नियम मनावर घेऊ नका. इंग्रजी वापरावरचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ सालीच तो निरुपयोगी ठरवला होता, आणि चांगले लेखक तो पाळत नाहीत.

राहिलं ‘मेड फ्रेंडशिप’. हे ‘मैत्री केली’चं शब्दशः भाषांतर आहे आणि इंग्रजी कानाला ते परकं लागतं. इंग्रजीत मैत्री केली जात नाही, ‘फ्रेंड्स’ केले जातात: ‘आय मेड फ्रेंड्स विथ हिम’. इथेही समोर एकच माणूस असला तरी अनेकवचनच. ‘शी मेड फ्रेंड्स विथ अ डॉग’ या वाक्यात कुत्रा एक आणि मुलगी एक, तरी ‘फ्रेंड्स’. ‘शी मेड अ फ्रेंड’ हेही शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ तिला एक नवी मैत्रीण किंवा मित्र मिळाला एवढाच; तिथे ‘विथ’ जोडायचा नाही.